परक्याला जामीन राहणारी माणसं

१९३८ साली व्हिएन्ना किंवा बर्लिनमध्ये अडकलेल्या ज्यू माणसाला जीव वाचवायला आधी कागद लागत. पासपोर्ट, सगळे कर भरल्याचा दाखला, बोटीचं तिकीट आणि जिथे जायचं त्या देशाचा व्हिसा. यातला एक जरी कागद वेळेत आला नाही, तरी बाकीचे वाया जात. व्हिसा मिळेपर्यंत तिकिटाची तारीख उलटून जाई आणि नवं तिकीट काढेपर्यंत पासपोर्टची मुदत संपे. त्यातही व्हिसाची गाठ सर्वांत अवघड होती. परक्या देशातल्या कुणीतरी पुढे येऊन सरकारला सांगावं लागे, की या माणसाला मी जामीन आहे, त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी.

असं सांगणारी माणसं आणि एक संस्था मुंबईत होती. त्या काळातल्या शूरांच्या गोष्टी आपण ऐकतो, तेव्हा डोळ्यांसमोर भुयारं येतात, रात्रीच्या सीमा येतात, खोटी नावं येतात. मुंबईतलं काम मात्र अर्ज, शिफारशी, हमीपत्रं आणि सरकारी उत्तरांची वाट पाहणं असं होतं. त्या कागदांनी माणसं वाचली, म्हणून ते काम समजून घ्यायला हवं.

दार बंद होत गेलं

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला आणि त्याच वर्षी ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व हिरावलं. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला, आणि जर्मनीत पाच वर्षांत जे टप्प्याटप्प्याने झालं ते व्हिएन्नातल्या ज्यूंनी काही आठवड्यांत भोगलं. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगात ‘जे’ हे अक्षर उमटू लागलं. ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, जाळली गेली, दुकानं फोडली गेली आणि सुमारे ३० हजार पुरुषांना छळछावण्यांत टाकलं गेलं.

तोवर नाझींना ज्यू देशाबाहेर गेलेले हवेच होते. फक्त त्यांनी रिकाम्या हाताने जावं, अशी व्यवस्था होती. देश सोडणाऱ्याच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा करापोटी जाई, उरलेली बँकेत अडकून पडे, आणि माणसाला बरोबर अवघे १० मार्क नेता येत. अशा निष्कांचन माणसाला दुसऱ्या देशांनी घ्यायचं म्हणजे त्याचा खर्च आपल्यावर घ्यायचा, असा हिशेब सगळ्या सरकारांनी मांडला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी या प्रश्नावर बसले. सहानुभूती सर्वांनी दाखवली. मोठ्या संख्येने माणसं घेण्याची तयारी एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकने दाखवली. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, त्यामुळे कुणाला आत घ्यायचं हे ठरवणं आपल्या हाती नव्हतंच. ते दिल्ली आणि लंडनमधले ब्रिटिश अधिकारी ठरवत.

मुंबईची मंडळी

मुंबईत ज्यू समाज जुना होता. कोकणातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं आणि घरात मराठी बोली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेलं सिनेगॉग मशीद बंदर भागात आजही आहे. दुसरा गट बगदादी ज्यूंचा. त्यांचे अग्रणी डेव्हिड ससून बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून इराणमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. ससून डॉक, पुण्याचं ससून रुग्णालय आणि ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग या खुणा त्यांच्या घराण्याच्याच. जे घराणं स्वतः जीव मुठीत धरून इथे आलं, त्याचा पैसा आणि त्याची पत शंभर वर्षांनी दुसऱ्या पळून येणाऱ्यांच्या उपयोगी पडणार होती.

१९३३ नंतर या दोघांत तिसरा गट मिळाला, तो जर्मनी आणि मध्य युरोपातून आलेल्या डॉक्टर, अभियंते, व्यापारी, कलावंत यांचा. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं, की मागे राहिलेल्यांसाठी काही करायचं तर एकट्यादुकट्याने भागणार नाही. १९३४ साली मुंबईत ‘ज्यूईश रिलीफ असोसिएशन’ उभी राहिली. नवागत आणि मुंबईतले जुने ज्यू तिच्यात एकत्र आले. पुढे कलकत्ता आणि मद्रासमध्येही तिचं काम सुरू झालं.

या गटांचं आपसात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. बगदादी श्रीमंत आणि इंग्रजी वळणाचे, बेने इस्राएल मराठी आणि बहुतेक मध्यमवर्गीय, तर युरोपीय मंडळी दोघांनाही अनोळखी. भाषा वेगळ्या, जेवण वेगळं, प्रार्थनेची रीतही थोडी वेगळी. तरी पैसा उभा राहिला आणि काम चाललं, याचं मोल म्हणूनच जास्त वाटतं.

हमी म्हणजे नेमकं काय

सुरुवातीची काही वर्षं वैध जर्मन पासपोर्ट असलेल्याला भारतात येणं तुलनेने सोपं होतं. जर्मनी त्याला परत घेईल, असं ब्रिटिश सरकार गृहीत धरत होतं. १९३८ मध्ये ते गृहीतक कोसळलं. पासपोर्टवर ‘जे’ असलेल्या माणसाला परत जायला देशच उरला नव्हता. सरकारच्या मनात तीन धास्त्या होत्या. हे लोक बेकार राहिले तर तिजोरीवर बोजा पडेल, गोऱ्या कातडीची माणसं मुंबईच्या रस्त्यावर दारिद्र्यात दिसली तर साम्राज्याच्या इभ्रतीला धक्का बसेल, आणि निर्वासितांच्या वेषात जर्मन हेर आत शिरतील.

या तिन्ही धास्त्यांना संस्थेने उत्तर दिलं. लंडनमधली ‘कौन्सिल फॉर जर्मन ज्यूरी’ ही मोठी मदतसंस्था आणि मुंबईची असोसिएशन यांनी मिळून हमीची जबाबदारी उचलली. येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही, नोकरी लागेपर्यंत त्याला आम्ही सांभाळू, आणि तो कोण आहे याची खातरजमा आम्ही करू, असं त्यांनी सांगितलं. मग अर्ज येऊ लागले. अर्जदाराचं शिक्षण काय, कोणतं काम येतं, भारतात ओळखीचं कुणी आहे का, नोकरी देणारं कुणी आहे का, हे सगळं पाहून शिफारस होई आणि कागद पुढे सरके.

शिफारस करणाऱ्यांवरचं ओझं केवढं असेल याची कल्पना करून पाहावी. पैसा मोजका होता. एकाची हमी घेतली की दुसऱ्यासाठी तेवढी शिल्लक कमी होई. एखादा माणूस कामाविना राहिला तर सरकार पुढच्या दहा अर्जांकडे संशयाने पाही. म्हणून ज्याला लवकर काम मिळेल त्याचा अर्ज आधी पुढे जाई आणि म्हातारा, आजारी किंवा हातात कसब नसलेला माणूस मागे पडे. ही निवड क्रूर होती. ती संस्थेच्या मनातून आलेली नव्हती, सरकारने घातलेल्या अटींतून आलेली होती. करावी मात्र संस्थेलाच लागली.

बर्लिनच्या टोकाला

साखळीचं दुसरं टोक जर्मनीत होतं. तिथे काम करणाऱ्यांतला एक माणूस भारताला ओळखत होता. विल्फ्रिड इझ्रायल हे बर्लिनमधल्या ‘एन. इझ्रायल’ या प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरचे वारस होते. हे दुकान १८१५ साली सुरू झालेलं. १९२५ मध्ये विल्फ्रिड आशियाच्या दौऱ्यावर निघाले, भारतात आले, आणि इथल्या कलेची त्यांना कायमची ओढ लागली. त्यांचा जन्म लंडनचा आणि हाती ब्रिटिश पासपोर्ट, म्हणजे मनात आणलं असतं तर कधीही निघून जाता आलं असतं. ते थांबले. दुकानातल्या ज्यू कर्मचाऱ्यांना देशाबाहेर पडता यावं म्हणून त्यांनी स्वतःचा पैसा खर्च केला, आणि नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर छावणीत नेलेल्यांना सोडवण्यासाठी धडपडले.

त्याच महिन्यात त्यांनी लंडनला कळवलं, की निदान मुलांना तरी तातडीने बाहेर काढा. ज्या हालचालींतून पुढे सुमारे १० हजार मुलं ब्रिटनमध्ये पोहोचली, त्यात या निरोपाचा मोठा वाटा होता. आईबाप मागेच राहिले आणि बहुतेक मुलांना ते पुन्हा दिसले नाहीत. १९४३ मध्ये इझ्रायल पोर्तुगालमध्ये अडकलेल्या निर्वासितांना पॅलेस्टाइनचे परवाने वाटायला लिस्बनला गेले. तिथून परतताना १ जून रोजी त्यांचं प्रवासी विमान जर्मन विमानांनी बिस्केच्या उपसागरावर पाडलं. वय ४३. त्यांनी जमवलेल्या भारतीय आणि इतर आशियाई कलावस्तू आज इस्राएलमधल्या हझोरेआ या किबुत्झच्या (सामूहिक शेतीवस्तीच्या) संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय त्यांच्याच नावाने चालतं.

ओळखीचा एक धागा

संस्थेच्या हमीइतकीच व्यक्तीची ओळखही कामाची होती. तीन उदाहरणांतून ते नीट दिसतं.

पहिलं वॉल्टर कॉफमन यांचं. कार्ल्सबादला १९०७ मध्ये जन्मलेले हे संगीतकार १९३४ च्या सुरुवातीला मुंबईत आले. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. १९३७ पासून ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. पहाटे रेडिओ लावला की तानपुऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची जी परिचयधून वाजत असे, तिचं श्रेय सर्वसाधारणपणे त्यांनाच दिलं जातं. पण मला त्यांची आठवण राहते ती दुसऱ्या कारणाने. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, तेव्हा त्यांचे मित्र, समीक्षक आणि संपादक विली हास तिथे अडकले होते. कॉफमन यांनी मुंबईतून खटपट केली आणि हास भारतात पोहोचले. इथे त्यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहिल्या. लेखक फ्रांझ काफ्काने मिलेना येसेन्स्का या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं तिने १९३९ साली हास यांच्याकडेच सोपवली होती. मिलेना १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुक छावणीत मरण पावली. हास यांनी ती पत्रं १९५२ मध्ये छापली. मुंबईतल्या मित्राने वेळेवर हालचाल केली नसती, तर ती छापायला हास राहिलेही नसते.

दुसरं हिल्डे होल्गर यांचं. त्या व्हिएन्नाच्या नर्तिका. ज्यूंना रंगमंचबंदी झाल्यावर त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. चार्ल्स पेट्राश या मित्राच्या मदतीने त्यांना भारताचा व्हिसा मिळाला आणि १९३९ मध्ये त्या मुंबईत आल्या. हाता-बोटांच्या मुद्रांतून अर्थ सांगणारी इथली नृत्यपद्धती त्या शिकल्या, डॉ. आदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी त्यांनी लग्न केलं आणि १९४१ मध्ये नृत्यशाळा काढली. तिच्यात कुठल्याही धर्माच्या मुलींना प्रवेश होता. मागे राहिलेली त्यांची आई आणि बहीण नाझींच्या संहारात गेल्या.

तिसरं उदाहरण चित्रकार वॉल्टर लांगहॅमर आणि त्यांच्या ज्यू पत्नी केथे यांचं. व्हिएन्नात लांगहॅमर यांच्याकडे शिरीन विमादलाल ही मुंबईची पारशी मुलगी चित्रकला शिकत होती. गुरूवर वेळ आली तेव्हा या विद्यार्थिनीने त्यांना मुंबईची वाट करून दिली. लांगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला संचालक झाले. त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. बर्लिनहून आलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाचे औषध उद्योजक व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर हेही या चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिले. १९४७ च्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मधल्या हुसेन, रझा, सूझा, आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे यांच्या वाटचालीत या तिघांचं प्रोत्साहन होतं.

अशा नामवंतांच्या कहाण्या सांगताना एक धोका असतो. निर्वासिताने पुढे देशाला काय दिलं, यावरून त्याला आसरा देण्याचं मोल ठरतं, असं वाचकाला वाटू लागतं. हमी मिळून आलेल्यांत दंतवैद्य होते, टायपिस्ट होत्या, दुकानातले मदतनीस होते, शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या नावाने कुठली धून वाजत नाही की कुठलं चित्र लिलावात जात नाही. त्यांचा जीवही तेवढ्याच मोलाचा होता.

पुढे शांघाय

ज्यांना मुंबईत उतरता येत नव्हतं, त्यांच्यासाठी बोट पुढे जात होती. ‘कॉन्टे व्हेर्दे’, ‘कॉन्टे रोस्सो’ अशा इटालियन बोटी युरोपातून निघून सुएझमार्गे मुंबईच्या धक्क्याला लागत, मग कोलंबो, सिंगापूर करत शांघायला पोहोचत. १९३८-३९ मध्ये शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता. अशा रीतीने सुमारे १७ ते २० हजार ज्यू तिथे गेले. मुंबईत एकेकाळी ज्यांच्या गिरण्यांचा कारभार चाले त्या घराण्यातले व्हिक्टर ससून तोवर शांघायला स्थायिक झाले होते. त्यांनी आपल्या ‘एम्बँकमेंट’ इमारतीचा काही भाग येणाऱ्यांच्या स्वागताला आणि तात्पुरत्या मुक्कामाला दिला. मुंबईची हमी आणि शांघायचा उघडा धक्का यांतला फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो. युद्ध संपेपर्यंत भारतात आसरा मिळालेल्या मध्य युरोपीय ज्यूंची संख्या अभ्यासक साधारण हजार ते दोन हजार सांगतात.

युद्ध लागलं, आणि आश्रित शत्रू ठरले

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि भारतातले सगळे जर्मन-ऑस्ट्रियन पुरुष ‘शत्रुदेशीय परके’ म्हणून पकडले गेले. हिटलरपासून पळून आलेले ज्यू आणि हिटलरचे पाठीराखे एकाच छावणीत अहमदनगरला पोहोचले. ‘बॉम्बे टॉकीज’चे छायालेखक योझेफ विर्शिंग आणि तिबेटच्या सफरीने पुढे गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हेही नगरच्या छावणीत होते.

इथे संस्थेचं दुसरं काम सुरू झालं. हा माणूस शत्रू नाही, याची हमी आता तिला द्यावी लागली. माल्कम डार्लिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, एकेका प्रकरणाची छाननी झाली आणि बहुतेक ज्यूंची सुटका झाली. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, संशय पुन्हा बळावला आणि अनेकांना कुटुंबासकट पुरंदर आणि साताऱ्याच्या वसाहतींत ठेवलं गेलं.

किल्ल्यांच्या नशिबी असं दुसरं आयुष्य येतच असतं. पुरंदरावर इंग्रजांनी आपल्या आजारी सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. संभाजीराजांचा जन्म झालेल्या त्या गडावर आता युरोपातून आलेली कुटुंबं नजरकैदेत राहू लागली. लाहोरमध्ये दवाखाना चालवणारं हर्मन आणि केट सेल्झर हे ज्यू डॉक्टर दांपत्य लहान मुलीसह तिथे आणि साताऱ्यात युद्ध संपेपर्यंत अडकून पडलं. त्यांची मुलगी हेझेल कहान यांनी पुढे आपल्या बालपणाविषयी लिहिलं. पुरंदरवर मारहाण नव्हती, उपासमार नव्हती, गॅसच्या कोठड्या तर नव्हत्याच. तरीही ज्याने आपलं घर गमावलं त्याला आसऱ्याच्या देशातही कैद भोगावी लागली, हा अन्यायच होता.

युद्धात रस्ते बंद झाल्यावरही काही वाटा आपल्या किनाऱ्यावरून गेल्या. रशियातून इराणला आलेल्या पोलिश अनाथांत सातशेहून अधिक ज्यू मुलं होती. इराकने जमिनीवरून वाट दिली नाही, म्हणून जानेवारी १९४३ मध्ये त्यांना बोटीने कराचीला आणलं गेलं आणि तिथून सुएझमार्गे पॅलेस्टाइनला नेण्यात आलं. बहुतांशी कॅथलिक असलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले, ते १९४८ पर्यंत.

हमीची मर्यादा

मुंबईच्या या कामाचं कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हमी ज्याच्यासाठी कुणी देईल त्याला मिळाली. हास यांना कॉफमन होते, होल्गरना पेट्राश होते, लांगहॅमरना शिरीन होत्या. ज्याला मुंबईत कुणी ओळखत नव्हतं, ज्याच्या हातात सरकारला हवं असलेलं कसब नव्हतं, त्याचा अर्ज पडून राहिला. युद्धात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांच्यातल्या असंख्य लोकांनी कुठल्या ना कुठल्या देशाकडे अर्ज केलेलेच होते.

या अनुभवातूनच युद्धानंतर जगाला एक गोष्ट शिकावी लागली. जीव वाचवणं हे ओळखीपाळखीवर आणि हमीदाराच्या ऐपतीवर सोडून चालत नाही, त्याला कायद्याचं बळ लागतं. १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार त्यातून आला. ज्या देशात जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हे त्याचं मुख्य कलम. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. १९५९ मध्ये आपण तिबेटी लोकांना जागा दिली, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी माणसांना पोसलं. म्हणजे मन मोठं आहे, याचा पुरावा आपल्याजवळ आहे. पण प्रत्येक वेळी निर्णय त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहतो, आणि मर्जी बदलली की माणूस पुन्हा कुणाच्या तरी हमीचा मोताद होतो.

१९३४ साली मुंबईत एकत्र आलेल्या त्या मंडळींच्या हाती सत्ता नव्हती, कायदा नव्हता, मोठा खजिनाही नव्हता. कधीही न पाहिलेल्या माणसांना जामीन राहण्याची तयारी तेवढी होती. ती तयारी दाखवणारा नागरिक आजही लागेल. पण त्याच्या एकट्याच्या खांद्यावर एवढं ओझं पडू नये, यासाठी निर्वासितांचा कायदा आपल्या देशात व्हायला हवा.